पैसे द्यायचेत, पण कुणाला?

बंगळूरच्या यशवंतपूर पोलीस ठाण्याचं नाव अलीकडच्या काळात दोनदा देशभर गाजलं, आणि दोन्ही वेळा कारण होतं गाणं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एमआरटी म्युझिक या बंगळूरच्याच कंपनीने इथे तक्रार दिली. ‘केजीएफ चॅप्टर २’ या चित्रपटाच्या हिंदी गाण्यांचे हक्क तिच्याकडे होते. त्यातलं संगीत भारत जोडो यात्रेच्या चित्रफितीत न विचारता वापरलं, असा तिचा आरोप होता. गुन्हा नोंदला गेला तो राहुल गांधी, जयराम रमेश आणि सुप्रिया श्रीनेत यांच्यावर. ७ नोव्हेंबरला शहरातल्या वाणिज्य न्यायालयाने काँग्रेसचं आणि यात्रेचं अशी दोन्ही ट्विटर खाती तात्पुरती बंद ठेवायला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी कर्नाटक उच्च न्यायालयाने तो हुकूम फिरवला. ४५ सेकंदांची ती चित्रफीत काढा, खाती बंद करायचं कारण नाही, असा त्याचा मथितार्थ. फौजदारी प्रकरण मात्र उभंच राहिलं. जून २०२३ मध्ये न्या. एम. नागप्रसन्ना यांनी ते रद्द करायला नकार दिला. पुढे २०२४ मध्ये त्याच कंपनीची त्याच ठाण्यात दुसरी तक्रार झाली. या वेळी समोर होते अभिनेते-निर्माते रक्षित शेट्टी. ‘बॅचलर पार्टी’ या कन्नड चित्रपटात ‘न्याय एल्लिदे’ आणि ‘गाळिमातु’ या जुन्या चित्रपटांतली गाणी परवानगीविना आली, असा आरोप.

राजकीय पक्ष आणि चित्रपटनिर्माते यांच्यापाशी वकिलांची फौज असते. त्यांच्या बातम्या वाचून दुकानदार पान उलटतो, कारण हे आपल्याला लागू नाही असं त्याला वाटतं. पण त्याच ठाण्याच्या आसपास बघा. रेल्वे जंक्शन, एपीएमसीचं यार्ड, मेट्रोचं स्थानक, मॉल, तारांकित हॉटेलं, आणि मधल्या गल्ल्यांतून दर्शिनी म्हणजे झटपट इडली-डोश्याची छोटी उपाहारगृहं, सलून, जिम, मोबाइलची दुकानं. बेळगाव-कोल्हापूर-पुण्याकडे निघणाऱ्या रात्रीच्या बस इथूनच तुमकूर रस्त्याला लागतात, आणि आत पडद्यावर पिक्चर सुरू असतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दिवसभर कुणाचं तरी गाणं वाजतं आणि कायद्याच्या लेखी त्यातलं बहुतेक वाजवणं ‘जाहीर’ ठरतं. त्याला परवाना लागतो, इथवर काही अडचण नाही. अडचण त्यापुढची आहे: तो परवाना कुणाकडून घ्यायचा, यावर देशातल्या उच्च न्यायालयांचंच एकमत नाही.

आधी एका दर्शिनीत डोकावू. सकाळचे साडेसहा. इडलीच्या भांड्यातून वाफ येते आहे, गल्ल्याशेजारी मालकाचा फोन ठेवलेला आहे आणि वर देवाच्या तसबिरीखाली ब्लूटूथ स्पीकरवर सुप्रभातम् चालू आहे. मध्येच पैसे जमा झाल्याचा साउंडबॉक्स ‘नलवत्तु रूपायि’, म्हणजे चाळीस रुपये, म्हणून ओरडतो. अर्ध्या तासाने सुप्रभातम् संपतं आणि कन्नड चित्रपटगीतं सुरू होतात. गिऱ्हाइकाला फरक जाणवत नाही, पण कायद्याच्या दृष्टीने त्या क्षणी दर्शिनी एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाते.

एम. एस. सुब्बुलक्ष्मींचं वेंकटेश सुप्रभातम् एचएमव्हीने १९६३ मध्ये काढलं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे या तबकडीचा हक्क २०२३ अखेरीस संपला. शब्द तर पंधराव्या शतकातले. त्यामुळे ते मूळ मुद्रण आता कुणीही, कुठेही वाजवावं. त्यानंतर लागलेल्या चित्रपटगीताचं तसं नाही. त्या एका गाण्यात चार हक्क एकमेकांवर रचलेले असतात: शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, मुद्रण कंपनीचं आणि गळा गायकाचा. शब्द आणि चाल यांचा हक्क त्या त्या निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. (ही मुदत पूर्वी ५० होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, त्यांचं साहित्य १९९१ अखेरीस खुलं होणार म्हटल्यावर ती १९९२ मध्ये वाढवण्यात आली. त्याचा फायदा देशातल्या प्रत्येक कवीच्या वारसाला मिळाला.)

हे सगळं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. गाणं लोकांना ऐकू येईल अशी सोय करणं म्हणजे ‘जनतेपर्यंत पोहोचवणं’. त्यासाठी तिकीट लावलेलं असावं लागत नाही, गिऱ्हाइकाने गाण्यासाठी वेगळे पैसे दिलेले असावे लागत नाहीत. हॉटेलच्या खोल्यांत एकाच वेळी वाजवलेलंसुद्धा त्या व्याख्येत नाव घेऊन धरलं आहे. शिवाय कलम ५१ प्रमाणे स्वतः न वाजवता, नफ्यासाठी आपली जागा वाजवायला देणारा मालकही दोषी ठरू शकतो. म्हणूनच हॉलचा व्यवस्थापक कार्यक्रमाआधी ‘म्युझिक लायसनची कॉपी द्या’ असा तगादा लावतो. लोकांना वाटतं तो आगाऊपणा करतो आहे. तो स्वतःची मान सोडवत असतो.

इथे एक गैरसमज मोडून काढायलाच हवा, कारण तो शिकल्यासवरलेल्या व्यावसायिकांतही आहे. ‘मी दरमहा स्पॉटिफायचे पैसे भरतो, मग आणखी कसले?’ ते पैसे तुमच्या वैयक्तिक ऐकण्याचे. स्पॉटिफाय असो, यूट्यूब असो, त्यांच्या अटींतच वैयक्तिक आणि अव्यापारी वापर असं लिहिलेलं आहे. सलूनमध्ये केस कापून घेणारा माणूस त्या वर्गणीत बसत नाही. सीडी विकत घेतली होती त्या काळातही हेच होतं. तबकडी तुमची व्हायची, चारचौघांत वाजवायचा हक्क नव्हे.

या पैशांच्या मागणीत काही नवं किंवा भारतीय नाही. १८४७ मध्ये पॅरिसच्या ‘लेझांबासादर’ नावाच्या कॅफेत एर्नेस्त बूर्जे हा संगीतकार बसला असताना वाद्यवृंद त्याचीच रचना वाजवत होता. त्याने घेतलेल्या साखरपाण्याचे पैसे द्यायला नकार दिला: तुम्ही माझं संगीत फुकट वापरता, मी तुमचं पेय फुकट पितो. प्रकरण कोर्टात गेलं, बूर्जे जिंकला, आणि १८५१ मध्ये त्यातून ‘सासेम’ ही रचनाकारांची संस्था उभी राहिली. न्यूयॉर्कच्या ‘शॅन्लीज’ या उपाहारगृहाने १९१७ मध्ये असा बचाव केला की आम्ही संगीताचे पैसे घेत नाही, जेवणाचे घेतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्या. होम्स यांनी तो उडवून लावला. संगीताने धंद्याला काहीच मिळत नसतं तर मालकाने ते ठेवलंच नसतं, असा त्यांचा साधा हिशेब होता. दर्शिनीवाल्याला हा युक्तिवाद कटू वाटेल, पण त्याला उत्तर देणं अवघड आहे. पार्श्वसंगीत बंद केलेल्या कपड्यांच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहून बघावं.

आपल्याकडची गोष्ट मात्र रचनाकारांच्या विजयाने सुरू झाली नाही. ध्वनिमुद्रण कंपन्यांची पीपीएल, म्हणजे फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड, १९४१ पासून आहे. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९ मध्ये मुंबईत निघाली आणि आठच वर्षांत सर्वोच्च न्यायालयात तोंडघशी पडली. चित्रपटासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता, असं १९७७ मध्ये ठरलं. त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी वेगळी टीप जोडून गायकाला आपल्या कायद्यात काहीच हक्क नाही याकडे बोट दाखवलं होतं. तो हक्क यायला पुढची जवळपास दोन दशकं जावी लागली. गाणी पिढ्यान्‌पिढ्या वाजत राहिली आणि लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांना एकदाच मिळालेल्या मानधनावर समाधान मानावं लागलं.

२०१२ ची दुरुस्ती हा खरा वळणबिंदू. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते आणि या दुरुस्तीमागे त्यांनी हिरिरीने जोर लावला होता. तिने असं केलं की गीतकार-संगीतकाराने करारात काहीही लिहून दिलं तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा त्याला सोडून देता येत नाही. तो जाईल तर वारसाला किंवा त्यांच्या संस्थेला. हा अर्थ कंपन्या आणि रेडिओ केंद्रांच्या पचनी पडायला वेळ लागला. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. मनीष पितळे यांनी रेडिओ केंद्रांच्या प्रकरणात तो ठणकावून सांगितला. म्हणजे आज एखाद्या मॉलमध्ये गाणं वाजलं की शब्द आणि चाल यांचे पैसे वेगळे द्यायचे आणि मुद्रणाचे वेगळे. शब्द-चालीच्या बाजूला फारसा वाद उरलेला नाही: आयपीआरएस ही २०१७ पासून पुन्हा रीतसर नोंदलेली संस्था आहे.

वाद आहे तो मुद्रणाच्या बाजूला, आणि तोही पैसे द्यावेत की नाही असा नाही. कायद्याचं कलम ३३ म्हणतं की परवाने देण्याचा धंदा नोंदणीकृत कॉपीराइट संस्थेनेच करायचा. कलम ३० म्हणतं की मालकाला आपल्या कृतीचा परवाना देता येतो. आता एखाद्या कंपनीने शेकडो लेबलांकडून हक्क स्वतःच्या नावावर लिहून घेतले आणि नोंदणी न करता परवाने विकायला सुरुवात केली, तर ती मालक की परवान्यांचा धंदा करणारी? पीपीएलची जुनी नोंदणी २०१४ पासून नाही. तरी तिचं म्हणणं असं की सुमारे चारशे लेबलांनी तिला हक्क लिहून दिले आहेत, म्हणून ती मालक आहे. मुंबईची नोव्हेक्स कम्युनिकेशन्स ‘यशराज’सारख्या बॅनरच्या गाण्यांबाबत असाच दावा करते. दुसरीकडे आरएमपीएल ही मुद्रणांसाठी २०२१ मध्ये रीतसर नोंदली गेलेली संस्था आहे. दुकानदाराच्या दारात तिघांची माणसं वेगवेगळ्या दिवशी येऊ शकतात.

न्यायालयांनी काय केलं ते पाहा. डिसेंबर २०१६ मध्ये, थर्टी फर्स्टच्या आठवडाभर आधी, दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३३ मोडून परवाने देऊ नका असा हंगामी आदेश काढला. कार्यक्रम-व्यवस्थापकांच्या संघटनेने तो मिळवला होता. डिसेंबर २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने डीएक्ससी टेक्नॉलॉजी आणि कॉग्निझंट या आयटी कंपन्यांविरुद्धच्या नोव्हेक्सच्या दाव्यात सांगितलं की नोंदणी नसेल तर परवाने देण्याचा धंदा करता येणार नाही. २४ जानेवारी २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. आर. आय. छागला यांनी ट्रेड विंग्ज हॉटेल्सच्या प्रकरणात नेमकं उलट ठरवलं: हक्क लिहून घेतलेला मालकच, त्याला कलम ३० पुरेसं आहे. १५ एप्रिल २०२५ ला दिल्लीच्या खंडपीठाने अझूर हॉस्पिटॅलिटी या उपाहारगृह चालवणाऱ्या कंपनीच्या अपिलात पुन्हा मद्रासची वाट धरली. पीपीएलला संस्था म्हणून नोंदणी तरी करावी लागेल किंवा नोंदलेल्या संस्थेमार्फत तरी जावं लागेल. तोवर अझूरने आरएमपीएलच्या दराने पैसे भरावेत. सहाच दिवसांनी, २१ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या पैसे भरण्याच्या निर्देशाला स्थगिती दिली. मात्र एकल न्यायाधीशांनी अझूरला गाणी वाजवायला आधी केलेली मनाई त्यामुळे परत उभी राहत नाही, असंही बजावलं.

बंगळूर नेमकं या तिघांच्या मध्ये आहे. मुंबई, मद्रास, दिल्ली यांतला एकही निकाल कर्नाटकावर बंधनकारक नाही. वकील सोयीचा तो पुढे करतो. यशवंतपुरातल्या हॉटेलमालकाची मुंबईत शाखा असेल तर एकाच साखळीला दोन शहरांत दोन कायदे लागू असल्यासारखं वागावं लागतं. आणि आयटी कंपन्यांच्या वार्षिक सोहळ्यांसाठी हा प्रश्न हॉटेलांइतकाच जवळचा आहे. मद्रासचा निकाल मुळात अशाच कार्यक्रमांवरून आला. कर्मचारी आपलेच, तिकीट नाही, तरी तो घरगुती कार्यक्रम होत नाही.

लग्नाचं मात्र वेगळं आहे. कलम ५२(१)(झेडए)... अक्षरांच्या या जंगलात शिरायला नको. साध्या भाषेत असं की खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत किंवा सरकारी समारंभात वाजवलेल्या गाण्याला परवाना लागत नाही, आणि धार्मिक विधीत लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक समारंभ येतात, असं स्पष्टीकरण कायद्यातच आहे. तरीही हॉटेलांतल्या संगीत आणि रिसेप्शनच्या कार्यक्रमांना नोटिसा येत राहिल्या. जुलै २०२३ मध्ये केंद्राने जाहीर सूचना काढून लग्नसमारंभांकडून रॉयल्टी मागू नका असं कळवलं. गोव्याने त्याही पुढे जाऊन ३० जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात सांगितलं की हॉटेलांनी वा कॉपीराइट संस्थांनी लग्नासाठी परवानगीचा आग्रह धरू नये, धरला तर पोलिसांत तक्रार करा. पीपीएल न्यायालयात गेली आणि १३ ऑगस्ट २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं.

काहींना हा निकाल लग्नघरांच्या विरोधात वाटला. तसा तो नाही. सूट कायद्यात होती तिथेच आहे. तिची हद्द सरकारी बाबूने परिपत्रकातून वाढवायची नाही, इतकंच न्यायालयाने म्हटलं. वाद झाला तर कुठला समारंभ लग्नाशी जोडलेला आणि कुठला लग्नाच्या नावाखालचा डीजे नाइट, हे प्रत्येक प्रकरणात न्यायालय बघेल. गोव्यात परराज्यांतून येऊन होणाऱ्या तीन-तीन दिवसांच्या लग्नांचा धंदा किती मोठा आहे हे लक्षात घेतलं, तर कंपन्या इतक्या इरेला का पेटल्या ते समजतं.

बंगळूरच्या मराठी माणसाला याहून जवळचा प्रश्न गणपतीचा. प्राणप्रतिष्ठा, आरती, विसर्जनाची मिरवणूक हे धार्मिक विधीत धरायला कुणाची हरकत नसावी. पाचव्या दिवशी संध्याकाळी प्रायोजकांच्या फलकाखाली मुद्रित ट्रॅकवर झालेली नृत्यस्पर्धा आणि तिकीट लावलेला आनंदमेळा? माझ्या मते तिथे ‘धार्मिक विधी’ हा आधार लंगडा पडतो. मंडळांना त्याहून भक्कम आधार दुसरा आहे. नफ्यासाठी नसलेल्या क्लबने किंवा तशा संस्थेने आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून मुद्रण ऐकवलं तर तो भंग होत नाही. हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर स्वतः गाणं गायलं वा नाटक केलं तर तेही चालतं. गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेचा कोजागिरीचा कार्यक्रम या आधारावर उभा राहू शकतो. त्याच सभागृहात कुणी भाड्याने साड्यांचं प्रदर्शन भरवलं आणि गाणी लावली तर ही सूट प्रदर्शनवाल्याला मिळत नाही. यशवंतपूर-मल्लेश्वरमच्या मोठ्या वसाहतींमधल्या क्लबहाउसलाही अशीच सूट आहे, रहिवाशांच्या सोयीपुरती. हॉटेलला ती नाही, हे कायद्याने मुद्दाम कंसात लिहून ठेवलं आहे.

आणि ज्यांना पैसे भरायचेच नाहीत, त्यांच्यासाठी एक राजरोस मार्ग आहे, जो मराठी उपाहारगृहवाल्यांनी अजून फारसा हेरलेला दिसत नाही. ‘संगीत स्वयंवर’ १९१६ चं. पदं खाडिलकरांची, ते १९४८ मध्ये गेले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ मध्ये. दोघांचेही हक्क केव्हाच संपले. बालगंधर्वांनी गायलेल्या त्या पदांच्या जुन्या तबकड्यांचंही वय ६० च्या पुढे. म्हणजे पुणेरी मिसळ विकणाऱ्या बंगळूरच्या हॉटेलात दिवसभर बालगंधर्व लावता येतील आणि कुणाला एक पैसा द्यावा लागणार नाही. अट एकच: मुद्रण तेच जुनं हवं. आजच्या गायकाने तेच पद गायलेलं नवं मुद्रण लावलंत, तर ते नव्या कंपनीचं.

अभंगांच्या बाबतीत इथेच फसगत होते. शब्द नामदेव-तुकारामांचे, म्हणून फुकट, असं गृहीत धरलं जातं. पण गदगच्या मातीतल्या भीमसेन जोशींनी घराघरांत पोहोचवलेल्या अभंगांना राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्या चाली आहेत. फाटक २००२ मध्ये आणि खळे २०११ मध्ये गेले. शब्द खुले, चाल आणि मुद्रण बंदिस्त. गीतरामायणाचं तर सगळंच अजून हक्कात: माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत, सुधीर फडके २००२ मध्ये, म्हणजे चाली २०६२ अखेरपर्यंत. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं म्हणून ते ‘जुनं’ समजून रामनवमीच्या सेलला दुकानात लावणाऱ्यांनी हक्क संपण्याची ही वर्षं लक्षात ठेवावीत.

आता लहान दुकानदाराचं काय, या प्रश्नाकडे आपला कायदा बघतच नाही. पंचतारांकित हॉटेल आणि दहा बाय बाराचं सलून दोघांना एकच कलम. दरपत्रकांत जागा, आसनं, खोल्या यांप्रमाणे फरक असतो, पण ती संस्थेची मर्जी. अमेरिकेने १९९८ मध्ये ३,७५० चौरस फुटांखालच्या उपाहारगृहांना आणि २,००० चौरस फुटांखालच्या दुकानांना रेडिओ-टीव्ही लावायला सूट दिली. युरोपने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, २००० मध्ये अमेरिका हरली, तिने भरपाई दिली आणि कायदा तसाच ठेवला. महासत्तेला ते परवडतं. ब्रिटनने वेगळं केलं: शब्द-चालवाले आणि मुद्रणवाले अशा दोन्ही संस्थांनी मिळून २०१८ पासून एकच परवाना आणि एकच खिडकी उघडली. दुकानदार एक अर्ज करतो, एक पावती घेतो. आतली वाटणी त्यांची त्यांनी करायची.

माझं मत ब्रिटनच्या बाजूला आहे. रचनाकाराचे पैसे बुडवावेत असं म्हणणाऱ्यांत मी नाही. १९७७ नंतरची पस्तीस वर्षं पुरेशी लाजिरवाणी होती. पण पैसे घेणाऱ्यांनी आपसातलं भांडण गिऱ्हाइकाच्या दारात आणू नये. कलम ३३ मागचा हेतूच असा होता की परवाना देणारा कुणी तरी सरकारी नोंदवहीत असावा, त्याने दर जाहीर करावेत, जमा-वाटपाचा हिशेब द्यावा. २०२१ च्या नियमांनी तर संस्थांना वार्षिक पारदर्शकता अहवालही काढायला लावला आहे. नोंदणीबाहेर राहून तेच काम करणाऱ्याला यातलं काही बंधन नाही. म्हणून मुंबईच्या निकालातलं कायद्याचं वाचन कितीही काटेकोर असलं, तरी बाजारात त्याचा परिणाम दिल्लीच्या निकालापेक्षा वाईट होतो. जून २०२५ मध्ये केंद्राने नियमांचा मसुदा काढला, तो म्हणतो की अशा परवान्यांचं शुल्क ऑनलाइनच घ्यावं. रोख मागणाऱ्या एजंटांना त्याने चाप बसेल, एवढंच. सर्व मुद्रणांची एक शोधता येणारी यादी, प्रत्येकासमोर हक्कदाराचं नाव, आणि छोट्या दुकानांसाठी वर्षाची एक ठरीव नाममात्र रक्कम, इतकं सरकारने केलं तर यशवंतपुरातला सलूनवाला रडत का होईना पण भरेल.

तोवर ज्यांच्या हाती नोटीस पडते त्यांच्यासाठी चार शब्द. नोटीस फेकून देऊ नका. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. भीतीने लगेच पैसेही भरू नका. लेखी विचारा: तुमच्या संस्थेची नोंदणी आहे का, नसेल तर हक्क लिहून दिल्याचा दस्त दाखवा, आमच्याकडे कुठली गाणी, कुठल्या दिवशी वाजली, दरपत्रक कुठे जाहीर केलं आहे, परवाना फक्त मुद्रणाचा की शब्द-चालीचाही. पावती जीएसटी क्रमांकासह घ्या आणि परवान्याची मुदत वाचा, कारण नुसत्या थर्टी फर्स्टच्या रात्रीचा परवाना एक तारखेला सकाळी कामाचा नसतो. शब्द-चालीसाठी आयपीआरएसचा परवाना घेऊन ठेवलात तर निम्मी लढाई आधीच संपते. आणि धमकी बिनबुडाची निघाली, तर कलम ६० नुसार ती देणाऱ्यावर उलट दावा लावून मनाई आणि नुकसानभरपाई मागायचा हक्क तुम्हालाही आहे.